खाणीचा ढिगारा आणि शेताचा अहवाल: एका माती परीक्षण सेवेचा अनुभव

वणी परिसरातील एका उघड्या कोळसा खाणीच्या (कोळशावरचा खडक आणि माती काढून टाकलेल्या) जुन्या ढिगाऱ्यावर ६ हेक्टर लागवड करण्याचे काम आमच्या छोट्या संस्थेकडे आले, तेव्हा रोपांची निवड करण्यापूर्वी आम्ही नागपुरातील एका खासगी प्रयोगशाळेकडून माती तपासून घेतली. प्रयोगशाळेचे नाव येथे देत नाही. शेतजमिनीसाठी बसवलेली पद्धत जशीच्या तशी खाणीवर नेली की काय होते, हे सांगणे मला जास्त उपयोगाचे वाटते.

आधी जमेची बाजू. अहवाल अकराव्या दिवशी हातात आला आणि तेथील रसायनतज्ज्ञ बाईंनी फोनवरच्या प्रत्येक प्रश्नाला न कंटाळता उत्तर दिले. एकाच नमुन्याचे दोन भाग करून ते आम्ही मुद्दाम वेगवेगळ्या क्रमांकांनी पाठवले होते. त्यांचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप) आणि विद्युत वाहकता (विरघळलेल्या क्षारांचे माप) जवळजवळ सारखीच आली. तपासणीची यादी सरकारच्या मृदा आरोग्य पत्रिकेतील १२ घटकांचीच होती. कपाशीच्या शेतासाठी मी या प्रयोगशाळेकडे डोळे मिटून जाईन.

अडचण नमुना घेण्यापासूनच सुरू झाली. त्यांच्या माहितीपत्रकानुसार नागमोडी चालत १० ते १५ ठिकाणची वरची माती घ्यायची, एकत्र कालवायची आणि तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत टाकत अर्ध्या किलोवर आणायची. शेतात हे योग्यच आहे. ढिगाऱ्यावर मात्र एका डंपरने वालुकाश्म ओतलेला असतो, त्याला लागून दुसऱ्याने शेल (चिकणमातीपासून बनलेला थरांचा खडक) आणि तिसऱ्याने काळी माती. अशा खेपांची सरासरी काढली तर ती त्या ढिगाऱ्यावर कुठेच न आढळणाऱ्या मातीची निघते. म्हणून आम्ही रंग आणि पोत पाहून चार पट्टे पाडले आणि प्रत्येकातून १ मीटर खोलीपर्यंतचे थर वेगळे घेतले. नमुने वाढले, तसे बिलही वाढले.

सर्वांत मोठी फसगत सेंद्रिय कर्बाची झाली. विदर्भातील काळ्या जमिनीत अर्ध्या टक्क्याच्या आसपास कर्ब असला तरी शेतकरी समाधान मानतो. आमच्या ज्या पट्ट्यात तरोटासुद्धा धड उगवत नव्हता, तिथे अहवालाने २.१ टक्के कर्ब दाखवून ‘अत्यंत जास्त’ असा शेरा मारला होता. तो कर्ब कुजलेल्या पाल्याचा नव्हे, कोळशाच्या भुकटीचा होता. कर्ब मोजण्याच्या नेहमीच्या वॉकली-ब्लॅक पद्धतीत डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल यांच्यापुढे कोळशाचाही काही अंश ऑक्सिडाइझ होतो, आणि उरलेले डायक्रोमेट मोजणाऱ्या टायट्रेशनला पाल्याचा कर्ब आणि कोळशाचा कर्ब यांतला फरक कळत नाही. नमुना भट्टीत जाळून वजनातील घट मोजण्याची पद्धत तर इथे याहून वाईट, कारण तिच्यात कोळसा बहुतेक सगळाच जळून जातो. त्यातही कहर असा की उपलब्ध नत्राचा अंदाज याच कर्बावरून काढलेला असल्यामुळे, जिथे नत्राची सर्वाधिक वानवा होती नेमके तिथेच नत्र कमी देण्याची शिफारस छापून आली. साध्या भिंगातून पाहिले असते तरी काळे कण दिसले असते. बाईंनी चूक लगेच मान्य केली आणि अल्कधर्मी परमँगनेट पद्धतीने नत्र वेगळे मोजून दिले. ते अगदीच कमी निघाले.

दुसरी गोष्ट चाळणीची. २ मिलिमीटरच्या चाळणीवर जे राहते ते प्रयोगशाळा टाकून देते आणि किती टाकले याची नोंद अहवालात नसते. आमच्या दोन पट्ट्यांत निम्म्याहून जास्त वजन दगडगोट्यांचेच होते, म्हणजे अहवालातील स्फुरद आणि पालाश उरलेल्या निम्म्याचेच. स्थूल घनता (ठरावीक घनफळातील मातीचे वजन, म्हणजे जमीन किती घट्ट आहे ते) मोजण्यासाठी आलेल्या मुलाने लोखंडी कडे हातोडीने ठोकायला घेतले आणि तिसऱ्या घावाला ते दगडावर वाकले. मग आम्ही खड्डा खणला, निघालेली माती वाळवून तोलली, खड्ड्यात पातळ प्लास्टिक अंथरले आणि त्यात मावणारे पाणी मोजून घनफळ काढले. डंपरच्या वाटेवरची जमीन इतकी घट्ट निघाली की आधी नांगराच्या लांब फाळाने फोडल्याशिवाय तिथे खड्डे घेण्यात अर्थ नव्हता. लागवडीचा आराखडा बदलायला लावणारा आकडा हाच, आणि तो त्यांच्या ठरलेल्या तपासणीत नाही.

आम्लतेबाबत फार तक्रार नाही. ताज्या खडकातील पायराइट (लोह आणि गंधकाचे खनिज) हवा-पाण्याने हळूहळू विघटित होऊन आम्ल तयार करत असल्यामुळे आजचा सामू पुढच्या वर्षांची हमी देत नाही. म्हणून हे विघटन लगेच घडवणारे हायड्रोजन पेरॉक्साइड घालून सामू पुन्हा पाहण्याची विनंती आम्ही केली आणि त्यांनी ती वेगळे पैसे न घेता पूर्ण केली. ईशान्येकडील कोळशाच्या मानाने वर्धा खोऱ्यातील कोळशात गंधक कमी असते. आमच्या एकाही नमुन्याचा सामू पेरॉक्साइडनंतर ४.५ च्या खाली गेला नाही.

खाण सुरू होताना बाजूला काढून ठेवलेल्या काळ्या मातीच्या राशीची तपासणी सध्या त्यांच्याकडेच दिली आहे. या वेळी नमुन्यांच्या पिशव्यांसोबत लेखी यादी जोडली: दगडांचे वजनी प्रमाण, घनता, प्रत्यक्ष मोजलेले नत्र आणि भिंगाखालची नोंद. खताची शिफारस नको, असेही त्यात लिहिले आहे.