एकाच घरातली दोन दुखणी आणि ज्वारीच्या भाकरीचा डबा

गेल्या ऑगस्टमध्ये घरातच पाय घसरून माझ्या उजव्या मनगटाचे हाड मोडले, सहा आठवड्यांचे प्लास्टर बसले आणि नागपुरातल्या आमच्या प्रतापनगरच्या घरात प्रथमच बाहेरून डबा लावण्याची वेळ आली. त्याच महिन्यात यजमानांची आणि मुलीची रक्ततपासणीही झाली होती. यजमानांची उंची 170 सेंटिमीटर, वजन 76 किलो, कंबर 101 सेंटिमीटर आणि साखर सीमेवर. मुलगी एकोणीस वर्षांची, वजन अवघे 43 किलो आणि हिमोग्लोबिन 9.4. इतकी वर्षे दोघेही माझ्याच हातचे जेवत आहेत, म्हणून ते अहवाल वाचताना मला अपराधी वाटले. तेव्हापासून डब्याकडे मी केवळ चवीच्या दृष्टीने पाहू शकले नाही.

पहिले तीन आठवडे ज्यांचा डबा घेतला, त्यांचे नाव घेत नाही. नव्वद रुपयांत पाच पोळ्या, भाताचा मोठा ढीग, तर्री तरंगणारी आलू-वाटाण्याची भाजी आणि डाळ तळाशी शोधावी लागेल असे पातळ वरण येत असे. यजमान तो डबा संपवून दुपारभर सुस्तावत, मुलगी दीड पोळी खाऊन उठत असे. पोट भरे, पण अंगी काही लागत नसे.

त्यानंतर एका सहकारी शिक्षिकेने खामल्यातील तीन महिलांच्या स्वयंपाकघराची माहिती दिली. त्यांच्या दारावर पाटी नाही. सप्टेंबरपासून सलग चार महिने मी त्यांचा डबा घेतला असून हे परीक्षण त्याच डब्याचे आहे. त्यात दोन ज्वारीच्या भाकरी, घट्ट वरण किंवा मोड आलेल्या मटकीची उसळ, एक पालेभाजी, कच्ची कोशिंबीर, जवसाची किंवा कारळाची कोरडी चटणी आणि न चुकता लिंबाची फोड असते. भात सांगितला तरच आणि तोही वाटीभर. पालेभाजीत अंबाडी, मेथी, चवळी, चाकवत असा फेर असतो. अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या घालण्याची आपल्याकडची जुनी रीत त्यांनी टिकवली आहे. बुधवारी अंड्याची भाजी आणि आंबिया बहाराची संत्री बाजारात आल्यावर एक संत्रे. रविवारी सकाळी येणाऱ्या कढी-गोळ्यांची चव मला माझ्या आईच्या स्वयंपाकाच्या इतकी जवळची वाटली की त्याबद्दल तटस्थपणे लिहिणे मला जमणार नाही.

प्लास्टर निघाल्यावर मी तिथे जाऊन आले. साठ डब्यांना डाळ-कडधान्य किती लागते, असे विचारल्यावर त्यांच्यातल्या एक ताई म्हणाल्या, "मॅडम, अडीच किलो, आणि तेल पाऊण लिटर." म्हणजे एका डब्यात सुमारे 42 ग्रॅम कडधान्य आणि साडेबारा मिलिलिटर तेल. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत दोन हजार कॅलरींच्या दिवसभराच्या आहारासाठी धान्य 250 ग्रॅम, डाळी 85 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम आणि तेल-तूप 27 ग्रॅम असे प्रमाण आहे. एका वेळच्या जेवणात डाळीचा निम्मा वाटा येतो आणि तेल निम्म्याच्या आत राहते, हे मला या डब्याचे सर्वांत मोठे बळ वाटते. त्याच तत्त्वांनुसार एकूण ऊर्जेपैकी 45 टक्क्यांपेक्षा जास्त ऊर्जा धान्यांतून येऊ नये. आपल्याकडे ती 50 ते 70 टक्के येते. आधीच्या डब्यात नेमके हेच घडत होते.

कुपोषण म्हटले की नागपूरकरांच्या डोळ्यांसमोर मेळघाट येतो आणि लठ्ठपणा म्हटला की शहरातले सधन धरमपेठ. परंतु 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील जवळजवळ 21 टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा बारीक, 23 टक्के स्थूल आणि 54 टक्के रक्तक्षयग्रस्त आढळल्या, तेव्हा या तिन्ही गोष्टी एकाच गल्लीत, किंबहुना एकाच घरात असणे स्वाभाविक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासात पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांचे सरासरी वजन 2.7 किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो भरले. तरीही आपल्या बाळांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. अशक्त आईच्या पोटी जन्मलेल्या बारीक बाळाला पुढे मधुमेहाचा धोका अधिक असतो, हे कळल्यापासून मुलीचे हिमोग्लोबिन आणि वडिलांची कंबर या मला वेगवेगळ्या चिंता वाटत नाहीत. भारतीयांसाठी पुरुषाच्या कंबरेची मर्यादा 90 सेंटिमीटर धरतात, हेही मला तेव्हाच समजले.

चार महिन्यांनी यजमानांची कंबर 97 सेंटिमीटर झाली आणि मुलीचे हिमोग्लोबिन 11.2 वर आले. स्त्रियांसाठी धरलेल्या बाराच्या मर्यादेपेक्षा ते अजून कमी आहे आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्याही ती घेत होती, त्यामुळे सगळे श्रेय डब्याला देणे खरेपणाचे होणार नाही. मात्र पालेभाजीतील लोह शरीरात कमी शोषले जाते, लिंबू-संत्र्यातील क जीवनसत्त्वाने ते शोषण वाढते आणि जेवणानंतर लगेच घेतलेल्या चहाने घटते, हे ताईंनी तिला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितले होते. तिचा जेवणानंतरचा चहा मी वर्षभर बोलून सुटला नव्हता, तो त्यांच्या एका वाक्याने सुटला.

उणिवाही आहेत. डबा अकरालाच येतो आणि एक वाजेपर्यंत भाकरी वातड होते. कापडात गुंडाळून दिली तर पुष्कळ फरक पडेल. ठेच्यात आणि लोणच्यात मीठ जास्त असते. रविवारची कढी सोडली तर दही किंवा ताक कधीच मिळत नाही, आणि रोजचे दुधाचा अंश नसलेले जेवण माझ्या मुलीसारख्या वाढत्या वयाच्या मुलीला अपुरे आहे. चतुर्थीला आणि एकादशीला तर ही मंडळी स्वतःचाच नियम मोडून तेलकट साबुदाण्याची खिचडी पाठवतात. त्याऐवजी भगर, दाण्याची आमटी आणि काकडीची कोशिंबीर दिली, तर उपवासही सांभाळला जाईल.

मला सर्वाधिक सलते ती किंमत. एका डब्याचे 130 रुपये आम्हाला परवडतात. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना रेशनवर माणशी पाच किलो धान्य मोफत मिळते, ते मुख्यतः गहू-तांदूळ; डाळ, भाजी आणि अंडी त्यांना बाजारभावानेच घ्यावी लागतात. पाच रुपयांच्या बिस्किटांच्या पुड्याने त्यांच्या नातवाची भूक भागते, पण त्याची उंची वाढत नाही. एकेकाळी विदर्भात ज्वारी हे गरिबाचे धान्य होते. सोयाबीन आले, पाखरे आणि रानडुकरे यांच्या त्रासाने पेरा घटला, आणि आज गोकुळपेठेच्या बाजारात ज्वारीचा भाव विचारताना मलाही थांबावे लागते. ताईंना मी हे बोलून दाखवले, तेव्हा त्यांनी फक्त भाकर, उसळ आणि कांद्याचा साठ रुपयांचा अर्धा डबा बांधकामावरच्या मजुरांसाठी सुरू केल्याचे सांगितले. रोज तसे पंधरा डबे जातात.

डबा हवा असल्यास आदल्या रात्री नऊपर्यंत कळवावे लागते आणि खामला, प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर याच भागांत तो पोचतो. माझा हात आता बरा झाला असून भाकरी मी घरी थापते. मुलीचा डबा मात्र मी चालूच ठेवला आहे, सोबत घरून ताकाची बाटली देऊन.