ट्रायलला हो म्हणायचं की एआरटी सेंटरचीच गोळी बरी?

एचआयव्हीच्या औषधांच्या ट्रायलचं, म्हणजे चाचणीचं, संमतीपत्र घरी आणलंय, दोनदा वाचून झालंय आणि सहीची जागा अजून कोरी आहे. तुम्ही तिथंच अडला असाल, तर हे तुमच्यासाठी. मी दोन्हीकडचं पाणी प्यायलोय. आधी पुण्यातच दोनेक वर्षं औषधांच्या कॉम्बिनेशनची ट्रायल, आणि आता सरकारी एआरटी सेंटरची, म्हणजे एचआयव्ही उपचार केंद्राची, रोजची एक टीएलडी (तीन औषधं एकत्र असलेली गोळी). मी डॉक्टर नाही. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती, याची तपासणी) वगैरे तुमच्या डॉक्टरांशीच बोला.

'आपल्यावर प्रयोग करतात' ही भीती आधी डोक्यातून काढा. यात कोणालाही नुसती खोटी गोळी देऊन वाऱ्यावर सोडत नाहीत. एका गटाला नेहमीची तीन औषधं मिळतात, दुसऱ्याला नवी जोडणी. आमच्याकडे प्रश्न होता तिसरं औषध गाळलं तर चालेल का, हा. डोलुटेग्रॅविर आणि लॅमिव्युडिन ही जोडी तिघांच्या तोडीस तोड ठरली तीही अशाच तपासणीतून. 2018 मध्ये निकाल आलेल्या जेमिनी ट्रायल्समध्ये 1,400 हून जास्त लोक होते. त्यांच्यातल्या कोणीतरी कधीतरी सही केलीच ना.

पुण्याचाही यात वाटा आहे. एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही, अशा 1,763 जोडप्यांवर नऊ देशांत जी मोठी ट्रायल झाली, तिचं एक केंद्र भोसरीची 'नारी', म्हणजे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, होती. औषध लवकर सुरू केलं तर जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण 96 टक्क्यांनी घटतं, हे 2011 मध्ये कळलं ते त्यातून. आम्ही मूल होऊ द्यायचं ठरवलं ते याच आकड्याच्या भरवशावर. त्यामुळे ट्रायलवाल्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

शिवाय सेवा म्हणाल तर ट्रायलमध्ये अक्षरशः जावयासारखी. डॉक्टर अर्धा तास बोलतात, झोपेपासून पोटापर्यंत सगळं विचारतात, येण्याजाण्याचे पैसे देतात. व्हायरल लोड दर थोड्या आठवड्यांनी होतो. सेंटरवर तो सहा महिन्यांनी, मग बाराव्या महिन्यात आणि पुढे वर्षातून एकदा. सुरुवातीला माणूस धास्तावलेला असतो, तेव्हा हा फरक जाणवतो. संमतीच्या वेळी कॅमेरा लावतील म्हणून मी घाबरलो होतो, तर 2019 च्या नियमांत एचआयव्हीच्या औषधांना सूट आहे. फक्त आवाज रेकॉर्ड करतात.

सेंटरवर रांग आहे, बाकडं आहे, उपचाराच्या नोंदींची हिरवी वही आहे. रांगेत ओळखीचं कोणी भेटेल ही धाकधूक पहिले चार-सहा महिने असते. मग कळतं, भेटलं तरी तोही त्याच रांगेत आहे. तब्येत स्थिर झाली की तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात.

आता खरी गोष्ट. ऐकायला फालतू वाटेल, पण माझा निर्णय बाटल्यांनी केला.

कोण काय खातंय हे ना आम्हाला कळायला हवं ना डॉक्टरांना, म्हणून प्रत्येकाला दोन बाटल्या. एकीत खरी गोळी, दुसरीत दुसऱ्या गटाच्या गोळीसारखी दिसणारी बिनऔषधाची. दर भेटीला दोन्ही बाटल्या परत न्यायच्या, उरलेल्या गोळ्या मोजून द्यायच्या. आमच्याकडे नियम असा की गोळ्या बाटलीतच राहिल्या पाहिजेत, डबीत काढायच्या नाहीत. आणि अर्धी रिकामी झालेली बाटली वाजते. पीएमटी बसमध्ये प्रत्येक खड्ड्याला माझी बॅग वाजायची. मी एकदा आत कापूस कोंबला, तर कोऑर्डिनेटर मॅडमनी चिमट्यानं तो बाहेर काढला, शांतपणे फाइलमध्ये नोंद केली आणि म्हणाल्या, "औषधाला काही झालं तर हिशेब चुकतो हो."

गौरी-गणपतीत घर भरलेलं. बहिणीच्या पोरानं कपाटातून एक बाटली काढली आणि आरतीला टाळ वाजवावा तशी वाजवत बाहेरच्या खोलीत आला. काकूंनी विचारलं, "कसल्या रे गोळ्या?" बायको म्हणाली, "पित्ताच्या." आणि काकूंनी लगेच दोन मागितल्या.

त्या रात्री मी झोपलो नाही. ट्रायल पूर्ण केली, मधेच सोडली नाही. सोडली असती तरी कोणी अडवलं नसतं, तो हक्क संमतीपत्रातच लिहिलेला असतो. पण पुढच्या ट्रायलबद्दल विचारलं तेव्हा नको म्हटलं. आता महिन्याची बाटली कपाटाच्या आतल्या कप्प्यात असते आणि आठवड्याच्या सात गोळ्या बडीशेपेच्या जुन्या डबीत. सेंटरवरही उरलेल्या गोळ्या मोजतात, पण त्या कशात आणल्या हे आजवर कोणी विचारलेलं नाही.

तुम्ही एकटे राहत असाल, किंवा घरात सगळ्यांना माहीत असेल, तर माझं गाऱ्हाणं तुमच्या कामाचं नाही; तेव्हा ट्रायलची तपासणी आणि डॉक्टरांचा वेळ ही बाजू जड होईल. दोन खोल्यांत सहा माणसं असतील, तर मी आपला सेंटरकडे बोट दाखवीन. सही करायचीच ठरली, तर ट्रायल संपल्यावर औषध कुठून मिळणार हे लेखी घ्या आणि डबी चालते का, ते पहिल्याच भेटीत विचारा.