पद्मिनीला ‘नवा’ म्हणून जुनाच कार्ब्युरेटर विकला, अ‍ॅव्हरेज १३ वरून ८ वर

जुनी पद्मिनी, फियाट किंवा अ‍ॅम्बॅसेडर जिवापाड सांभाळणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. पुण्यातल्या एका गॅरेजवाल्याने माझ्या १९८६ च्या प्रीमियर पद्मिनीला ‘डबाबंद नवा’ म्हणून साडेनऊ हजारांना कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) बसवला. तो नवा नव्हता. भंगारातल्या कुठल्या तरी गाडीचा कार्ब चकाचक करून, त्याचं जेट (पेट्रोल ज्यातून जातं ते बारीक भोक) मोठं करून माझ्या गळ्यात मारला आणि वर माझा मूळचा सोलेक्स कंपनीचा कार्ब ठेवून घेतला. लिटरला १३ किलोमीटर देणारी गाडी आठावर आली. पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडलेली असताना हा फरक किलोमीटरमागे जवळपास पाच रुपयांचा पडतो.

तक्रार घेऊन गेलो तेव्हा उत्तर तयार होतं. “साहेब, आता पंपावर सगळं इथेनॉलवालं पेट्रोल येतं. जुन्या गाड्या असंच पिणार.” हे ऐकून बरेच जण गप्प घरी जातात, म्हणून याचा हिशोब आधी मांडतो. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलने अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्क्यांनी उतरेल, म्हणजे १३ चे १२ होतील. आठ होणार नाहीत. दुसरं म्हणजे इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण उलट लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. माझी गाडी हायवेवर चांगली पळवून, आयडलला (नुसती जागेवर चालू) न ठेवता बंद केली आणि प्लग काढले, तर चारही प्लग कोरड्या काजळीने काळेकुट्ट. चांगल्या चालणाऱ्या इंजिनाचा प्लग फिकट तपकिरी असतो. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आणि तो दोष इथेनॉलच्या माथी मारता येत नाही.

कार्बवर बोट ठेवण्याआधी बाकीचं तपासून घेतलं. टायरमधली हवा, पॉइंटचा गॅप, टायमिंग, पंपापासून कार्बपर्यंतच्या पाइपातली गळती, चोकची केबल पूर्ण परत जाते का, ब्रेक धरून राहिलेत का. सपाट रस्त्यावर गाडी एका हाताने ढकलली जात होती आणि चालवून आल्यावर एकही ड्रम तापलेला नव्हता. अ‍ॅव्हरेजही टाकी फुल ते टाकी फुल असंच काढलं होतं. पद्मिनीच्या पेट्रोलच्या काट्यावर हिशोब करण्यात अर्थ नाही.

मग गॅरेजवाल्याने दुसरी ढाल पुढे केली. “पीयूसी पास झालीय ना? मग कार्ब उत्तम आहे.” पीयूसी खरंच पास झाली होती. आमच्यासारख्या जुन्या पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, आणि आकडा तिच्या आत होता. पण ही चाचणी आयडलवर होते. आयडलला इंजिन पायलट जेट या छोट्या जेटवर चालतं आणि मिक्श्चर स्क्रू थोडा आवळला की आकडा खाली येतो. गाडी पळताना पेट्रोल देणाऱ्या मेन जेटचा तिथे संबंधच येत नाही. मी पीयूसीवाल्याला विनंती केली की नळी तशीच ठेवा, मी रेस धरतो. रेस वाढवून स्थिर धरल्यावर तोच आकडा सातच्या वर गेला. पीयूसीचा कागद दाखवून कोणी गप्प करत असेल, तर एवढं जरूर करून बघा.

यानंतर एका वयस्कर मिस्त्रींकडे कार्ब उघडला. त्यांची हयात फियाटवर गेलेली. झाकणाचे स्क्रू काढतानाच ते थांबले आणि एक स्क्रू माझ्या तळहातावर ठेवला. स्क्रूची खाच पेचकसाने झिजून गोल झालेली, आणि त्या झिजलेल्या कडेवरही पिवळं ताजं प्लेटिंग एकसंध चढलेलं. नव्या स्क्रूची खाच बसवताना खराब झाली असती, तर तिथलं प्लेटिंग खरवडलेलं दिसलं असतं. हे प्लेटिंग झिजल्यानंतर केलेलं होतं. मला बाकी कुठल्या पुराव्याची गरज उरली नाही, पण त्यांनी सगळं दाखवलं.

मेन जेटवर १२० छापलेलं होतं. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२० म्हणजे १.२० मिमी. त्यांनी १.४० च्या ड्रिलबिटचा गुळगुळीत दांडा घातला, तो सरळ आत गेला. भोकात गोल ओरखडे दिसत होते. ०.२० मिमी ऐकायला किरकोळ वाटतं, पण भोकाचं क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढतं. आत येणारं पेट्रोल अडवणाऱ्या निडल व्हॉल्व्हखालचं वॉशर गायब, त्यामुळे फ्लोटची, म्हणजे कार्बच्या वाटीतल्या पेट्रोलची पातळी वर. आणि थ्रॉटलचा स्पिंडल (अ‍ॅक्सिलरेटरने फिरणाऱ्या झडपेचा दांडा) बोटाने हलवला तर खटखट हलत होता.

खरी गोम या स्पिंडलमध्ये आहे. झिजलेल्या स्पिंडलच्या बाजूने इंजिन जादा हवा ओढतं, गाडी धक्के देते, उचल घेत नाही. ते काम नीट करायचं तर बॉडी बोअर करून स्पिंडलभोवती पितळी बुश (छोट्या नळ्या) बसवावे लागतात आणि त्याला हातात कसब लागतं. तेवढं करण्याऐवजी जेट मोठं केलं की दुखणं झाकलं जातं. गिऱ्हाईक गल्लीत चक्कर मारतं, गाडी मस्त उचलते, पैसे देऊन निघून जातं. मला सर्वात जास्त चीड याची येते, कारण हे अज्ञानातून होत नाही. ज्याला जेट किती मोठं करायचं हे कळतं, त्याला आजार कुठे आहे हेही कळतं.

माझा मूळ कार्ब मागितला तेव्हा “तो भंगारात गेला” असं सांगितलं. कुर्ल्यात पद्मिनी बनायची बंद होऊन वीस वर्षांहून जास्त काळ लोटलाय. अस्सल सोलेक्सची बॉडी कोणी भंगारात टाकत नाही. काढलेला भाग आपला असतो. काम सुरू व्हायच्या आधीच सांगा की जुना माल पिशवीत घालून हवा. बसवायच्या आधी ‘नव्या’ कार्बचा स्पिंडल हलवून बघा, स्क्रूच्या खाचा बघा, जेटवरचे आकडे वाचून फोटो काढा. बिलावर ‘नवीन कार्ब्युरेटर’ हे शब्द लिहून घ्या. माझ्या बिलावर हे लिहिलेलं आहे, त्याच जोरावर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केलीय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही माहिती मिळते.

गाडीला आता मिस्त्रींनी दुसरी सोलेक्स बॉडी बुश बसवून, योग्य जेट घालून लावलीय. साडेबारा मिळतायत आणि प्लग तपकिरी झालेत. तो बनावट कार्ब मात्र जसा निघाला तसाच, न धुता, जेट आणि स्क्रूंसकट सीलबंद पिशवीत आहे. आयोगापुढे तोच ठेवणार आहे.