८×४२ दुर्बीण: हतनूरच्या पहाटेसाठी हीच घ्या

हतनूर धरणावर उजाडायच्या आत पोहोचणार असाल, तर १०×४२ च्या मोहात पडू नका. यातला पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसतं, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागा: डोळ्यापर्यंत ५.२५ मिलिमीटर रुंदीचा झोत येतो. १० ने भागलं तर जेमतेम ४.२. तापीच्या पाण्यावर अंधूक असतं, तेव्हा याच फरकामुळे बदक ओळखू येतं. भर दुपारी मात्र आपली बाहुलीच आकसते, मग दोन्ही सारख्याच.

पक्ष्यांना ही सोय उपजत आहे. घुबडाच्या दृष्टिपटलात मंद उजेड टिपणाऱ्या दंडपेशी दाटीने असतात. रातव्याच्या दृष्टिपटलात प्रकाश परत फिरवणारा थर असतो. केळीच्या बागेलगत बॅटरी मारली की त्याचे डोळे निखाऱ्यासारखे पेटतात ते त्यामुळेच! आणि आपला रानपिंगळा, १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडलेला, घुबड असून दिवसा शिकार करतो. सातपुड्यात सावलीतल्या फांदीवर तो शोधायलाही ही दुर्बीण फार चांगली.

फोकसचं चाक थंडीत जड फिरतं, उडता खंड्या हातचा जातो. सोबतचा पट्टा मानेला काचतो; रुंद पट्टा वेगळा घ्या.