खात्री पटेपर्यंत थांबायचं की आत्ताच सुरुवात करायची?

हवामानबदलाबद्दल बोलताना एक वाक्य हमखास येतं: "पण अजून सगळं नक्की कुठे कळलंय?" हा प्रश्न मला कधीच पळवाट वाटला नाही. निर्णय घेणाऱ्या माणसाने तो विचारायलाच हवा, मग तो मत देणारा नागरिक असो, कारखान्याची पुढची भट्टी निवडणारा असो, की घर बांधणारा. म्हणून दोन्ही वाटा शेजारी शेजारी ठेवून पाहतो. माझा कल कुठे आहे तेही लपवणार नाही.

आधी अनिश्चित काय आणि निश्चित काय, हे वेगळं करू, कारण वादात दोन्हींची सरमिसळ होते. कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतो हे भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडॉल यांनी १८५९ पासूनच्या प्रयोगांत मोजून दाखवलं. हवेतलं त्याचं प्रमाण उद्योगयुगाआधी दशलक्षात सुमारे २८० भाग होतं, १९५८ मध्ये शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी मोजायला सुरुवात केली तेव्हा ३१५ च्या आसपास होतं आणि आता ते ४२० च्या वर आहे. २०११ ते २०२० हे दशक १८५०–१९०० या काळापेक्षा सुमारे १.१ अंशाने गरम होतं आणि ही वाढ माणसामुळे झाली याबद्दल आयपीसीसीच्या (हवामानबदलावरच्या संशोधनाचा आढावा घेणारा संयुक्त राष्ट्रांचा गट) २०२१ च्या अहवालाने शंकेला जागा ठेवलेली नाही. अनिश्चित आहे ते पुढचं: ढग कसे वागतील, हिमस्तर किती वेगाने ढासळतील, एखाद्या प्रदेशातला पाऊस कसा बदलेल आणि माणसं स्वतः काय करतील. थोडक्यात, तापमान वाढतंय का हा प्रश्न मागे पडला, आता प्रश्न किती आणि किती लवकर हा आहे.

वाट पाहण्याची बाजू

या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा अर्थशास्त्राचा आहे. पुढच्या पिढ्या आपल्यापेक्षा श्रीमंत असतील, त्यांच्याकडे चांगली साधनं असतील, मग आजच्या गरिबाने त्यांच्यासाठी खर्च का करावा? सगळं अडतं ते भविष्यातल्या नुकसानीला आज किती मोल द्यायचं यावर, म्हणजे वटावाच्या दरावर. शंभर वर्षांनी होणारं १०० चं नुकसान ५ टक्के दराने आज १ पेक्षाही कमी भरतं. १.४ टक्के दराने तेच सुमारे २५ होतं. अर्थशास्त्रज्ञ निकोलस स्टर्न यांच्या २००६ च्या अहवालाने साधारण हाच कमी दर धरला आणि तातडीने कृती करा असं सांगितलं. दुसरे अर्थशास्त्रज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांनी बराच चढा दर धरला आणि हळू चाला म्हटलं. दोघांपुढचं विज्ञान बरंचसं सारखंच होतं. निकाल वेगळा आला तो नातवंडांच्या नुकसानीला किती वजन द्यायचं, यामुळे. हा प्रश्न नीतीचा आहे आणि कितीही संशोधन झालं तरी तो आपोआप सुटणार नाही.

मात्र एक गोष्ट नेहमी राहून जाते. नॉर्डहाउस यांनीही 'काही करू नका' असं कधी म्हटलं नाही. आज कार्बनवर माफक कर लावा आणि तो वाढवत न्या, ही त्यांची शिफारस होती. म्हणजे ज्यांच्या नावाने थांबायला सांगितलं जातं, ते स्वतः फक्त वेगाबद्दल भांडत होते.

दुसरा मुद्दा असा की घाईत केलेली कृतीही चुकते. यात तथ्य आहे. युरोपीय संघाने जैवइंधनाला उत्तेजन दिलं, त्यासाठी लागणाऱ्या पाम तेलाची मागणी वाढली आणि मग जंगलतोडीचा धोका लक्षात आल्यावर २०३० पर्यंत पाम तेलाचं इंधन टप्प्याटप्प्याने अक्षय ऊर्जेच्या उद्दिष्टांतून वगळायचं ठरलं. तोडलेलं जुनं जंगल काही नियम बदलून परत येत नाही. कृतीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवायला हवं.

तिसरा मुद्दा, 'तंत्रज्ञान स्वस्त होऊ द्या', मला कच्चा वाटतो. २०१० ते २०१९ मध्ये सौरऊर्जेचा खर्च सुमारे ८५ टक्क्यांनी उतरला, हे खरं. पण तो नुसता काळ गेल्यामुळे उतरला नाही. महाग असताना कुणीतरी विकत घेतलं, कारखाने वाढले, हात बसला, म्हणून उतरला. जर्मनीने २००० च्या कायद्याने सौर विजेला ठरावीक दर दिला तेव्हा ती परवडणारी नव्हतीच. सगळेच थांबले असते तर थांबणाऱ्यांना ही स्वस्ताई मिळालीच नसती.

थांबून माहिती मिळते का?

माझ्या मते खरा निर्णय इथे होतो. वाट पाहणं म्हणजे माहिती विकत घेणं. मग भाव काय पडला ते पाहू.

१९७९ मध्ये अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ ज्यूल चार्नी यांच्या समितीने अंदाज दिला: कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान १.५ ते ४.५ अंश वाढेल. २०१३ च्या आयपीसीसी अहवालातही तोच पल्ला होता, १.५ ते ४.५. मध्ये चौतीस वर्षं गेली, उपग्रह आले, संगणक कित्येक पटींनी वेगवान झाले, तरी पल्ला पुन्हा तोच राहिला. तो अरुंद झाला २०२१ मध्ये: २.५ ते ४ अंश. नीट पाहा, खालची बाजू पूर्ण एका अंशाने वर सरकली, वरची अर्ध्याने खाली आली. 'कदाचित फार काही होणार नाही' या आशेचा भाग जास्त कापला गेला.

१९७९ ते २०२१ या बेचाळीस वर्षांत हवेतलं कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दशलक्षात सुमारे ३३७ वरून ४१६ वर गेलं. हा त्या माहितीचा भाव. आणि पुढचा? दर एक लाख कोटी टन कार्बन डायऑक्साइडमागे तापमान सुमारे ०.४५ अंश वाढतं, अनिश्चितता धरली तर ०.२७ ते ०.६३. जग वर्षाला साधारण ४,००० कोटी टन सोडतं. दहा वर्षं असंच चाललं तर ०.११ ते ०.२५ अंशांची भर पडते. आकडा अनिश्चित आहे, पण त्या पल्ल्यात शून्य कुठेही नाही.

चूक सुधारता येते का?

सौर पॅनेल गरजेपेक्षा जास्त बसवले, तर पैसे वाया गेले आणि पुढच्या वर्षी खरेदी थांबवता येते. कोळशावरचं वीजकेंद्र उभं राहिलं की ते चाळीस वर्षं चालवण्याचा मोह आणि दबाव असतो. हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा काही भाग तर हजारो वर्षं राहतो. उत्सर्जन थांबलं तरी तापमान साधारण तिथेच टिकतं, लगेच उतरत नाही. अनिश्चिततेची दोन टोकं सारखी नाहीत, हे अर्थशास्त्रज्ञ मार्टिन वाइट्समन यांनी ठासून मांडलं होतं: सरासरी अंदाज बरा दिसतो, पण खरं नुकसान शेपटीत, म्हणजे कमी शक्यतेच्या पण भयंकर परिणामांत दडलेलं असतं. माहिती कमी आहे म्हणून निर्धास्त राहायचं, हे तर्क म्हणून मला पटत नाही. माहिती कमी तेवढी ती शेपूट लांब.

अपुऱ्या माहितीवर कृती झाल्याचं उदाहरण

सूर्याच्या घातक अतिनील किरणांपासून वाचवणाऱ्या ओझोनच्या थराचं पाहा. फ्रिज आणि फवाऱ्यांत वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंमुळे ओझोन नष्ट होईल, हे रसायनशास्त्रज्ञ मोलिना आणि रोलँड यांनी १९७४ मध्ये मांडलं. अंटार्क्टिकावरचं ओझोनच्या थरातलं छिद्र जगासमोर आलं १९८५ मध्ये. या वायूंवर मर्यादा आणणाऱ्या मॉन्ट्रियल करारावर सह्या झाल्या सप्टेंबर १९८७ मध्ये, तेव्हा कारणाचा थेट पुरावा देणारी विमानं अंटार्क्टिकावर अजून नमुने घेत होती. मला त्या करारातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती फेरआढाव्याची तरतूद. विज्ञान पक्कं झालं तसे १९९० आणि १९९२ मध्ये नियम आवळले. पर्यायी वायू स्वतःच तापमान वाढवतात हे ध्यानात आलं, तेव्हा २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीत त्यांच्यावरही मर्यादा आणली. चूक झाली, दिसली, दुरुस्त झाली.

तुलना अर्थात पूर्ण जुळत नाही. ते वायू मोजक्या कंपन्या बनवत होत्या. कोळसा, तेल आणि वायू मात्र जवळजवळ प्रत्येक कामात शिरलेले आहेत आणि त्यांवर पोट भरणारी माणसं कोट्यवधी आहेत. त्यांच्या रोजगाराची सोय हा कृतीच्या खर्चाचाच भाग धरायला हवा.

मग तुम्ही काय ठरवाल?

सगळ्या उपायांना एकच उत्तर नको. गळणारा मिथेन रोखणं आत्ताच करा: हाही उष्णता अडवणारा वायू आहे, पण तो हवेत सुमारे बारा वर्षंच टिकतो, त्यामुळे फरक लवकर दिसतो. विजेची उधळपट्टी थांबवणं आणि धूर कमी करणं हेही आत्ताच, कारण हवेच्या प्रदूषणाने दरवर्षी सुमारे ७० लाख अकाली मृत्यू होतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि हा फायदा हवामानाचे अंदाज चुकले तरी मिळणारच. जुनं यंत्र किंवा वाहन बदलायची वेळ आली असेल, तर तो क्षण दवडू नका, पुढची संधी अनेक वर्षांनी येईल. उलट, सूर्यप्रकाश अडवायला वरच्या वातावरणात गंधकाचे कण फवारण्याबाबत मी 'थांबा' म्हणेन. १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनातुबो ज्वालामुखीने असेच कण वर उधळून पृथ्वी सुमारे अर्ध्या अंशाने तात्पुरती थंड केली हे ठाऊक आहे, पण पावसाचं काय होईल हे पुरेसं ठाऊक नाही. बांध, निचरा, उष्णतेपासून बचाव हे तर दोन्ही वाटांवर लागणारच.

मला कोणी विचारलं की काय कळलं तर तुमचं मत बदलेल, तर माझं उत्तर आहे: दुप्पट कार्बन डायऑक्साइडने होणारी वाढ १.५ अंशाहून कमी निघाली, तर मी वेग कमी करा म्हणेन. २०२१ च्या अहवालाच्या मते ती त्याहून जास्त असणं जवळपास निश्चित आहे. थांबायचं ठरवणाऱ्यानेही हेच लिहून ठेवावं: कोणती माहिती हवी आहे, ती कोणत्या वर्षापर्यंत येईल असं वाटतं आणि ती आली नाही तर त्या वर्षी काय करणार.