शोगी वॉर्स: काही महिने रोज खेळल्यावर

बुद्धिबळ येतं म्हणून शोगी, म्हणजे जपानी बुद्धिबळही चटकन जमेल असं वाटतं, पण पहिल्या दोन-चार डावांतच तो भ्रम उतरतो. पट ९ बाय ९, दोघांकडे २०-२० मोहरे. मुख्य फरक असा की मारलेला मोहरा डावातून जात नाही. तो मारणाऱ्याच्या हाती लागतो आणि पुढे त्याच्याच बाजूने पटावर उतरतो. म्हणून डाव शेवटाकडे जाताना निवत नाही, आणखी पेटतो.

शोगी वॉर्स हे हीरोज कंपनीचं ॲप २०१२ मध्ये आलं. जपान शोगी असोसिएशनची त्याला मान्यता आहे. खेळ जुना असला तरी थाट थेट जपानी गेम सेंटरचा. दहा मिनिटांचा डाव, तीन मिनिटांचा डाव, किंवा दर चालीला दहा सेकंद. वेळ संपली की हरलात, मग पटावर तुम्ही कितीही वरचढ असा. राजाभोवती मिनो किंवा यागुरा अशी ठरलेली तटबंदी उभी राहिली की पडद्यावर तिचं नाव झळकतं आणि चित्र तुमच्या संग्रहात जमा होतं. नवशिक्यासाठी ही फार मोलाची सोय आहे, कारण मोहरे हलवता हलवताच रचनांची नावं पाठ होतात.

माझ्या खेळात सगळ्यात जास्त सुधारणा झाली ती शेवटात. समजा, प्रतिस्पर्ध्याचा राजा शेवटच्या ओळीत आहे, त्याच्यासमोर एक घर सोडून तुमचं प्यादं आहे आणि हातात एक 'सोनं' आहे (हा मोहरा राजासारखा एकच घर चालतो, फक्त तिरका मागे जात नाही). ते सोनं राजाच्या थेट डोक्यावर, मधल्या घरात ठेवा. शोगीत प्यादं सरळ पुढेच मारतं, त्यामुळे त्याचा जोर मिळून राजाला ते सोनं मारता येत नाही, आणि आजूबाजूची चारही घरं सोन्याने रोखलेली. मात! पुस्तकात हे वाचून कळतं, पण दहा सेकंदांत ते दिसायला हात बसावा लागतो, आणि तो या ॲपने बसवला.

'किशिन' मात्र मला अजिबात पटत नाही. पैसे मोजले की पाच चाली संगणक खेळून देतो. यामागे सुरुवातीला पोनान्झा होता, म्हणजे २०१७ मध्ये तेव्हाचे मेइजिन (शोगीतला एक मानाचा किताब) आमाहिको सातो यांना हरवणारा प्रोग्राम. चुरशीच्या डावात समोरच्याने तो बोलावला की खेळातली सगळी मजाच निघून जाते. मी स्वतः तो वापरत नाही.

क्रमवारी ३० क्यूपासून सुरू होते (क्यू म्हणजे खालचे दर्जे, आकडा कमी तितका दर्जा वरचा) आणि पुढे दान या वरच्या दर्जांपर्यंत जाते. इथे मिळवलेल्या दर्जावर असोसिएशनच्या खऱ्या प्रमाणपत्रासाठी शुल्क भरून अर्जही करता येतो. फुकट खेळणाऱ्याला रोज मोजकेच डाव मिळतात. शिकणाऱ्याला तेवढे पुरतात.

मोहऱ्यांवरची कांजी, म्हणजे चिनी वळणाची जपानी अक्षरं ओळखू यायला थोडे दिवस द्या. एकाच उभ्या ओळीत आपली दोन साधी (बढती न मिळालेली) प्यादी चालत नाहीत आणि हातातलं प्यादं उतरवून मात देता येत नाही, हे दोन नियम आधीच पक्के करा. सुरुवात दहा मिनिटांच्या डावांनीच करा. दहा सेकंदांचे डाव मोहऱ्यांच्या चाली अंगवळणी पडल्यावर.