टूडी की थ्रीडी मॅमोग्राफी : डोस बघून ठरवायचं तर
वहिनीला डॉक्टरांनी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, सांगितली. वय 46. कोथरूडला घराजवळ साधी डिजिटल, म्हणजे टूडी होते. थ्रीडी, म्हणजे टोमोसिंथेसिस, औंधला. थ्रीडीला पैसे जास्त, पण तिचा प्रश्न वेगळाच होता : "रेडिएशन कुठे कमी?" मी एक्स-रे तंत्रज्ञ, त्यामुळे उत्तर माझ्याकडेच आलं.

आधी आकडा. रिपोर्टवर किंवा मशीनच्या पडद्यावर मिलीग्रेमध्ये (शोषलेल्या किरणांचं एकक) दिसतो तो ग्रंथींच्या ऊतींना मिळालेला सरासरी डोस. चरबी त्यात धरत नाहीत, कारण धोका ग्रंथींना. पण हे मोजमाप नाही, हिशेब आहे. आत मीटर कोण ठेवणार? स्तनाच्या वरच्या बाजूला किती किरण पोहोचले ते घ्यायचं आणि गुणकांनी गुणायचं : जाडी व किरणांची भेदकता, ग्रंथींचं प्रमाण, एक्स-रे ट्यूब आणि फिल्टरची जोडी. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड डान्स यांचे हे गुणक काँप्युटरवर असंख्य फोटॉनांचे (किरणांच्या कणांचे) प्रवास चालवून काढलेले आहेत. त्यात ग्रंथी आणि चरबी मळलेल्या कणकेसारख्या एकजीव धरल्या आहेत. खऱ्या स्तनात ग्रंथी मध्याकडे जास्त असतात, वरची चरबी त्यांना थोडं झाकते. म्हणून जुना हिशेब सरासरी 30 टक्क्यांच्या आसपास जास्त येतो. मशीनगणिक हिशेबाचं मॉडेलही वेगळं असू शकतं. तेव्हा इथे 1.4 आणि तिथे 1.6 यावरून सेंटर निवडणं व्यर्थ.

बेरजेतही घोटाळा होतो. एका स्तनाच्या दोन फोटोंचे डोस मिळवायचे. डावा-उजवा मिळवायचा नाही. प्रत्येक स्तनाला 3 मिलीग्रे मिळाले, तर स्तनाच्या 0.12 या भारांकाने (संपूर्ण शरीराच्या धोक्यात स्तनांचा वाटा) गुणून संपूर्ण शरीराच्या हिशेबात 0.36 मिलीसिव्हर्ट. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिळतात. अमेरिकेतली 3 मिलीग्रेची मर्यादा एका फोटोसाठी, तीही 4.2 सेंटीमीटरच्या ठरावीक फॅन्टमवर, म्हणजे स्तनाऐवजी ठेवायच्या चाचणीच्या ठोकळ्यावर. जाड स्तनाला त्याहून जास्त लागलं तर मशीन बिघडलंय असं नाही.

आता टूडी-थ्रीडी. टूडीत एका कोनातून एकच फोटो. थ्रीडीत ट्यूब कमानीत फिरते आणि थोड्या-थोड्या डोसचे बरेच फोटो घेते. एकूण डोस टूडीइतका किंवा जरा जास्त. खरी उडी तिसऱ्या पर्यायात : टूडी वेगळी आणि वर थ्रीडी. मग डोस जवळपास दुप्पट. कित्येक मशीनवर थ्रीडीच्याच माहितीतून टूडी चित्र तयार करता येतं, त्याला वेगळा डोस लागत नाही. म्हणून फोनवर "किती मिलीग्रे?" विचारू नका, रिसेप्शनला सांगता येणार नाही. "टूडी वेगळी काढता का?" एवढंच विचारा.

स्तन दाट असतील, म्हणजे ग्रंथी जास्त आणि चरबी कमी, तर मी थ्रीडीकडे झुकेन. दाट ऊती पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरी. थर सुटे करून पाहिले की लपलेलं दिसतं. चरबी जास्त असेल, तर घराजवळची टूडी पुरे.

आणि दाबतात त्याचा राग सगळ्यांनाच येतो. पण नीट दाबलं की जाडी कमी, डोस कमी, चित्रही स्पष्ट. पाळीनंतरच्या आठवड्यात वेळ घेतली तर दुखतंही कमी.

वहिनीचा दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट शोधला. त्यात "दाट" लिहिलंय. औंधला फोन केला, टूडी वेगळी काढत नाहीत म्हणाले. शनिवारची वेळ मिळाली आहे. जुन्या फिल्म पिशवीत भरून ठेवल्यात.